कागदावरचा कॅलिपर

जळगाव,
१० जून २०२४

आदरणीय युसूफभाई यांस,
कमलचा स. न. वि. वि.

हे गेले त्याला सव्वा वर्ष झालं. दिवसकार्याला तुम्ही धुळ्याहून आला होतात, त्यानंतर मीच पत्र टाकलं नाही, म्हणून आधी माफी मागते. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांएवढी दिसतात, असं तुम्हीच तेव्हा म्हणाला होतात. म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

मागच्या शेडचं कुलूप मी गेल्या आठवड्यात काढलं. आमचा हितेंद्र म्हणतो, दिवाळीला तुला सुरतेला न्यायला येतो, आता कायमचीच चल, तोवर शेड रिकामी करून ठेव. नववा मजला आहे, लिफ्ट आहे, नात आहे. नाही म्हणायला माझ्यापाशी काही कारण नाही. ह्यांची हत्यारं इथल्या आयटीआयच्या मास्तरांनी मागितली आहेत. साफ करून, प्रकारवार लावून दिली तर काचेच्या कपाटात ठेवू आणि शिकवायला वापरू, असं ते म्हणाले. मला ते पटलं. भंगारात घालायला मन होत नव्हतं.

तर लागले कामाला. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई मी, साफसफाईचं मला काय कौतुक. दिवाळीला पितळेची भांडी घासते तशी सगळी हत्यारं चिंच आणि राख लावून घासली, नळाखाली धुतली आणि गच्चीवर खाटेवर वाळत घातली. संध्याकाळी नुसती चमकत होती. सकाळी बघते तर सगळी तांबडी, आधी होती त्याहून जास्त. मोजायच्या पोलादी पट्टीवरचे आकडेही पुसट झाले. मी तिथेच खाटेच्या काठावर बसून रडले, हे तुम्हालाच लिहिते. ह्यांनी मला त्या हत्यारांना कधी हात लावू दिला नाही. तेव्हा राग यायचा.

तुम्ही दोघं कापसाच्या जिनिंगमध्ये बावीस वर्षं एका बाकावर काम केलेले फिटर. मला तर निम्म्या नगांची नावंही येत नाहीत. आता काय करू ते कळवा.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, माझ्या चिंचेमुळे तो आटू नये एवढीच विनंती.

आपली,
कमल

•

देवपूर, धुळे,
१६ जून २०२४

श्रीमती कमलवहिनी यांस,
युसूफचा सलाम. स. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कपाळाला हात लावला. चिंच? पोलादाला चिंच? वहिनी, गिरधर असता तर एक शब्द बोलला नसता, जेवला मात्र नसता, आणि तुम्ही झोपल्यावर सगळं पुन्हा स्वतः पुसून ठेवलं असतं. तो नाही, म्हणून रागवायचं काम माझ्याकडे आलं आहे असं समजा.

पितळ वेगळं, पोलाद वेगळं. आंबट लावलंत की पोलादाची वरची साय निघून जाते, मग त्याला हवासुद्धा सोसत नाही. आता नळाचं नाव काढायचं नाही. पूर्वी आम्ही घासलेट वापरायचो, ते आता मिळत नाही, म्हणून पंपावरून बाटलीभर डिझेल आणवा. नारळाचा काथ्या डिझेलमध्ये बुडवायचा आणि एका वेळी एकच नग घासायचा. सुती फडक्यानं कोरडा करायचा, मग शिवणाच्या मशीनचं तेल, तेही बोटभरच. पकडी मात्र सात दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवा, रोज एकदा उघडझाप करा आणि आठव्या दिवशी मला कळवा. पट्टीवर तेलात कालवलेलं काजळ चोळा आणि लगेच पुसून घ्या. खाचांमध्ये काजळ राहील, आकडे परत दिसतील.

ज्याचं नाव येत नसेल तो नग कागदावर ठेवा आणि कडेनं पेन्सिल फिरवा. अंगणवाडीत पोरांच्या हातांची चित्रं काढायचात ना, तसंच. कागद मला पाठवा, मी नाव आणि काम कळवतो. सगळं एकदम पाठवू नका, माझा गोंधळ होईल.

उद्या बकरी ईद. माझ्या मोईजची मुलं सकाळपासून पाठीवर चढताहेत, धड लिहू देत नाहीत. अक्षर वाकडं आलं असेल तर दोष त्यांचा.

राग पत्रातच संपला, आपुलकी पूर्वीइतकीच आहे असं समजावं.

आपला,
युसूफ

•

जळगाव,
२९ जून २०२४

आदरणीय युसूफभाई यांस,
कमलचा स. न. वि. वि.

काजळाची गंमत करून पाहिली. आकडे असे वर आले की मी पट्टी घेऊन घरातली दारं, खिडक्या, पोळपाट सगळं मोजलं. शेजारच्या भिकुबाई विचारत होत्या, घर विकायला काढलं का.

आता चूक सांगते, म्हणजे तुम्हाला रागवायला मिळेल. मशीनचं तेल संपलं म्हणून सगळ्या कानशींना शेंगदाण्याचं तेल लावून ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्या एकमेकींना चिकटून बसल्या आणि वर मुंग्या. दोन दिवस घासतेय. एक कानस तर दातच नसलेली, टोकाला तिरकी घासलेली निघाली, ती भंगारच्या डब्यात टाकली.

सोबत तीन चित्रं आहेत. पहिलं कोळ्यासारखं दोन वाकड्या पायांचं आहे, त्याच्यावर फार गंज होता, कागदही तांबडा झाला, माफ करा. सगळे मिळून एकशे चौदा नग आहेत. मी वहीत पान करून एकेक लिहिते आहे.

एक विचारू का? जिनिंग बंद पडली तेव्हा तुम्हीही स्वतःची पेटी घेऊन धुळ्याला गेलात. तुमची हत्यारं कशी आहेत?

संध्याकाळी शेडमध्ये बसते तेव्हा बरं वाटतं, हाताला काम असतं. बाकी घरात टीव्ही चालू ठेवते, तेवढाच आवाज.

उत्तराची वाट पाहते. माया आहे तशी राहू द्यावी.

आपली,
कमल

•

देवपूर, धुळे,
८ जुलै २०२४

श्रीमती कमलवहिनी यांस,
युसूफचा सलाम. स. न. वि. वि.

पत्र वाचायचं सोडून आधी भंगारच्या डब्याकडे जा आणि ती कानस बाहेर काढा. ती कानस नाही आता. दात संपलेल्या कानशीला घासून गिरधरनं तिचं स्क्रॅपर केलं होतं. त्या स्क्रॅपरनं तो बेअरिंगचा आतला भाग खरवडायचा, केसाएवढा एकेक पापुद्रा. बावीस वर्षांत त्यानं ते मलाही हातात दिलं नाही, आणि तुम्ही डब्यात टाकलंत.

दुसरं, कानशीला तेल लावतच नाहीत, शेंगदाण्याचं नाही आणि मशीनचंही नाही. तेलकट कानस लोखंडावरून नुसती घसरते. डिझेलनं धुऊन कोरडी करा आणि खडू चोळून ठेवा. अंगणवाडीतले खडू उरले असतील तर तेच चालतील. एकमेकींना टेकू देऊ नका, दात जातात. प्रत्येकीला वेगळं फडकं.

कोळ्याचं नाव कॅलिपर. दांड्याची जाडी बाहेरून मोजायची. दुसरं चित्र आटे पाडायच्या हँडलचं. तिसरं नुसत्या कागदावरून कळत नाही, आडवं ठेवून पुन्हा काढून पाठवा.

तुमच्या वहीतल्या पानावरून आठवलं. सुट्टीचा भोंगा झाला की गिरधर आपली आणि माझी हत्यारं एका ओळीत मांडायचा आणि मला अहिराणीत विचारायचा, बठ्ठा शेतस ना? जशी पोरंच मोजतोय, सगळी आहेत ना म्हणून. मी म्हणायचो, बठ्ठा शेतस. मगच पेटी बंद. शेवटी शेवटी यंत्रांनी माझे कान पार गेले होते, त्याचं विचारणं ऐकू येत नव्हतं, पण ओठ हलले की मी उत्तर द्यायचो. रोज न चुकता.

माझी पेटी उत्तम आहे, सगळं चकाचक. त्याची काळजी करू नका. मुलं शाळेतून आलीत, जागा सोडतो.

ममता कायम ठेवावी, आणि डब्याकडे जावं.

आपला,
युसूफ

•

जळगाव,
३ सप्टेंबर २०२४

आदरणीय युसूफभाई यांस,
कमलचा स. न. वि. वि.

काल पोळा झाला. आपल्या पत्रांची आता चांगली थप्पी झाली आहे, मी ती कानशींच्या खोक्यात ठेवते, दोघांनाही ओल लागू नये म्हणून. आता मला पाने नंबरवार लावता येतात, भोक पाडायचा पोगर आणि छिन्नी यांत फरक कळतो, आणि स्क्रॅपर मी वेगळ्या मखमली तुकड्यात ठेवलं आहे. मास्तर परवा येऊन बघून गेले. त्यांनी मला कुठे शिकलात असं विचारलं. मी म्हटलं, पोस्टानं.

एकशे चौदांपैकी नऊच राहिले होते. पण हवा पावसाळी. झालेल्यांतलेही काही पुन्हा गंजताहेत. कोळी, म्हणजे तुमचा कॅलिपर, परत तांबडा झाला. त्याचं चित्र पुन्हा काढून पाठवते आहे, पायांच्या सांध्यात काय करायचं ते कळवा. ऑगस्टमध्ये तीन नगांचं असंच झालं होतं ते तुम्हाला आठवत असेल. ह्या गतीनं दिवाळीपर्यंत होईल असं वाटत नाही. हितेंद्रला रविवारी फोनवर तेच सांगितलं. तो म्हणाला, आई, तू लोखंड घासत बसली आहेस की अजून काही.

पाऊस उघडला की बघू. स्नेह असाच ठेवावा.

आपली,
कमल

•

चाळीसगाव,
९ सप्टेंबर २०२४

आदरणीय कमलकाकू यांस,
निलोफरचा सलाम, वि. वि.

मी युसूफमियांची मुलगी. लहानपणी जळगावला तुमच्या अंगणवाडीत बसायचे, तुम्हाला आठवत असेन की नाही माहीत नाही. हे पत्र अब्बूंना न सांगता लिहिते आहे, तुम्हीही सांगू नका.

मोईजभाई गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नोकरीसाठी मुलाबाळांना घेऊन नाशिकला गेला. तेव्हापासून देवपूरच्या घरात अब्बू एकटेच आहेत. सगळ्यांना सांगतात की मुलं इथेच आहेत. माझ्याकडे या म्हटलं तर म्हणतात, मुलांना कोण बघणार. ईदला मी गेले तेव्हा एकटेच शेवया करत बसले होते. मी एक रविवार सोडून एक रविवार जाते, त्याहून जास्त जमत नाही.

जूनपासून त्यांच्यात फरक पडला आहे. दाढी करतात, दहाच्या सुमारास दारात खुर्ची टाकून पोस्टमनची वाट बघतात. तुम्ही पाठवलेले कागद त्यांनी खळीनं भिंतीवर चिकटवले आहेत आणि प्रत्येकाखाली नाव लिहिलं आहे. मला एकेक दाखवून शिकवतात.

त्यांची स्वतःची पेटी पलंगाखाली आहे. अम्मी गेली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती उघडलेली नाही. किल्ली हरवली म्हणतात.

काकू, मला एकच विचारायचं आहे. आता किती नग राहिले आहेत? ते संपल्यावर काय, ह्याची मला धास्ती वाटते. चूकभूल माफ करावी, आणि मला मुलीच्या जागी समजावं.

तुमची,
निलोफर

•

देवपूर, धुळे,
१४ सप्टेंबर २०२४

श्रीमती कमलवहिनी यांस,
युसूफचा सलाम. स. न. वि. वि.

कॅलिपरचं चित्र मिळालं. जूनमधलं चित्र मी त्याच्या शेजारी धरलं. तेव्हा गंज खरा होता, रेघेच्या आत कागद तांबडा झाला होता. ह्या कागदावर तांबडं काही नाही. तेलाचा पातळ डाग आहे, तोही सगळीकडे सारखा, नीट पुसलेल्या हत्याराचा पडतो तसा. म्हणजे कागदावर ठेवलात तेव्हा कॅलिपर स्वच्छ होता. मग ऑगस्टची तिन्ही चित्रं पाहिली. तीही तशीच.

वहिनी, काम केव्हाच संपलं आहे.

मला राग आला नाही, हे आधी लिहितो. मीही काही फार सरळ वागलेलो नाही. पकडी एका रात्रीत सुटतात, सात दिवस लागत नाहीत. आडवं ठेवून पुन्हा काढा म्हटलं होतं तो नग मी पहिल्याच वेळी ओळखला होता. सगळं काम मला पहिल्याच पत्रात लिहिता आलं असतं. लिहिलं नाही, कारण मग दुसरं पत्र आलं नसतं. ह्या वयात माणूस असा लबाड होतो हे मला माहीत नव्हतं.

पण तुम्ही आता मुलाशी खोटं बोलू लागलात, आणि त्यात माझा हात आहे. गिरधरच्या घरात हे चालायचं नाही. हितेंद्रला सांगा की झालं. मास्तरांना हत्यारं द्या, आणि सुरतेला जा. मुलगा बोलावतो आहे, हे सगळ्यांच्या नशिबात नसतं.

चित्रं मी ठेवून घेतो. लोभ होता तो आहे, आता पत्राची तसदी घेऊ नये.

आपला,
युसूफ

•

जळगाव,
१६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय युसूफभाई यांस,
कमलचा स. न. वि. वि.

तसदी घेऊ नये असं लिहिलंत, म्हणून महिनाभर घेतली नाही. तो महिना कसा गेला ते लिहीत नाही.

तुम्ही पकडलंत ते बरं झालं. हो, कॅलिपर स्वच्छ होता. दर रविवारी हितेंद्र विचारायचा किती राहिले, आणि मी नऊ म्हणायचे. पाच आठवडे नऊच. अंगणवाडीत एखादं पोर डब्यातला शेवटचा घास पुरवून पुरवून खायचं आणि मी त्याला ओरडायचे. तसं मी केलं.

दिवाळीची वाट न बघता दसऱ्यालाच हितेंद्र गाडी घेऊन आला. मी शेडमध्ये पांढरी चादर घालून एकशे चौदा नग मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, स्क्रॅपरला पहिला मान. त्यानं इतकी वर्षं वडिलांची हत्यारं धड पाहिली नव्हती, फार वेळ बघत राहिला. तेव्हाच मी त्याला सांगितलं की हे दोन महिन्यांपूर्वीच झालं होतं, मी खोटं बोलले, आणि मी सुरतेला येणार नाही. त्यानं विचारलं, इथे तुझं आहे कोण. मी म्हटलं, मला इथे राहायचं आहे, दुसरं कारण नाही. दाराशी चपला घालताना त्यानं एवढंच म्हटलं की आई, तू हे जूनमध्ये सांगायला हवं होतंस. त्याचं खरं आहे. रविवारी सकाळी गेला. अजून फोन नाही.

सोमवारी मास्तर टेम्पो घेऊन आले. सगळे नग दिले. एकही मागे ठेवला नाही, ठेवला असता तर पुन्हा त्याचंच निमित्त केलं असतं.

संध्याकाळी सवयीनं शेडला कुलूप लावायला गेले. आत नुसत्या भिंती आणि खिळे. दिवा मालवताना माझ्या तोंडून निघून गेलं, बठ्ठा शेतस ना? हे विचारायचे तसं. उत्तर द्यायला कोणी नव्हतं. ह्यांच्या मागे इतकं एकटं मला त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

आता तुमचं. देवपूरच्या घरात मुलं नाहीत हे मला कळलं आहे. कुणी कळवलं ते विचारू नका, आणि तिच्यावर रागावूही नका. माझा खोटेपणा कागदानं सांगितला, तुमचा मुलीनं. फिटंफाट झाली.

तुमच्या पेटीची किल्ली हरवलेली आहे असं मला वाटत नाही. एस.टी.च्या पार्सलनं पेटी इकडे पाठवा. शेड रिकामी आहे आणि मला आता काम येतं. नाही म्हणायचं असेल तर तेही पत्रानंच म्हणा.

राग, लोभ, जे असेल ते लिहून कळवावं.

आपली,
कमल

•

देवपूर, धुळे,
२३ ऑक्टोबर २०२४

श्रीमती कमलवहिनी यांस,
युसूफचा सलाम. स. न. वि. वि.

किल्ली माझ्या मुमताजच्या शिवणाच्या डब्यात होती. मीच ठेवली होती.

हे मी मुलांना सांगितलेलं नाही. मुमताज पडली आणि गेली त्या दुपारी मी मागच्या खोलीत पेटी उघडून कानशी साफ करत बसलो होतो. तिनं हाका मारल्या असणार. पलीकडच्या बाईला ऐकू गेल्या, ती धावत आली. मला ऐकू आल्या नाहीत. ती बाई माझ्या खांद्याला हात लावेपर्यंत मी कानस घासत होतो. त्यानंतर पेटीला हात लावला नाही, आणि ती चकाचक आहे असं सगळ्यांना सांगत राहिलो.

रविवारी निलोफर आली होती. तिला समोर बसवून झाकण उघडलं. तिनं विचारलं तेव्हा मी तिलाही हे सांगितलं. ती बाजूला बसून माझ्याबरोबर एकेक नग मोजू लागली.

पेटी आजच्या एस.टी.नं निघाली. पावती सोबत आहे, किल्ली पाकिटाच्या आत चिकटवली आहे. आतल्या हत्यारांची नावं तुम्हाला येतात, तरी प्रत्येकाचं चित्र काढून पाठवावं. माझ्या भिंतीवर अजून जागा आहे. गंज खरा आहे, कागद ठेवून खात्री करून घ्या. पकडी एका रात्रीत सुटतील, पण सात दिवस ठेवा.

हितेंद्रच्या फोनची वाट पाहू नका, तुम्हीच करा. तुम्हाला ऐकू येतं.

गिरधरचं विचारणं मला ओठांवरून कळायचं, तुमचं पत्रावरून कळलं. उत्तर द्यायला उशीर झाला. एक्केचाळीस नग आहेत, दोनदा मोजून भरले. बठ्ठा शेतस, वहिनी.

लोभ आहेच, पत्र यावं.

आपला,
युसूफ